शाळेच्या फलकावर न लागलेली बातमी

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात आठ-पंधरा दिवस सत्कारांचा हंगाम असतो. चौकाचौकात फलक लागतात. ‘शिक्षण हे वाघिणीचे दूध’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते आणि खाली गुणवंतांपेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो अधिक असतात. वर्तमानपत्रांची आतली पाने ‘शालेय वृत्त’ या मथळ्याने भरून जातात. अमुक विद्यालयाचा निकाल शंभर टक्के, तमुक विद्यालयात वृक्षारोपण, नवागतांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत. या बातम्या वाचताना कोणालाही वाटावे की महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळांत सर्व काही आलबेल आहे.

अशाच एका सत्काराला यंदा आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. कार्यक्रम विहारात होता. त्रिशरण-पंचशील झाले, मुलांना पुस्तके आणि पेन दिले, आम्हीही चार शब्द बोललो. कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत असताना दाराशी उभी असलेली एक बाई पुढे आली. “जयभीम, वकीलसाहेब. माही लेक बी हुशारच होती. आठवीत वर्गात दुसरी आली होती. नववीत नाव कापलं. तिचा सत्कार कोन करनार?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. तासाभरापूर्वी ज्या व्यासपीठावर आम्ही शिक्षणावर बोललो, त्या व्यासपीठावरून या मुलीचे नाव कोणी घेतले नव्हते, कारण जी मुले दहावीपर्यंत पोचतच नाहीत त्यांची यादी कोणी करतच नाही.

आम्ही त्या माऊलीकडून सारी हकीकत समजून घेतली. गावात जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत. पुढची माध्यमिक शाळा सात किलोमीटरवर, अनुदानित संस्थेची. एसटीचा मोफत पास मिळाला, पण सकाळची गाडी शाळा भरल्यावर पोचणारी आणि संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याआधीच निघून जाणारी. मुलींना शिकवणी फी माफ. पण संगणकाचे पैसे, स्नेहसंमेलनाचे पैसे, ओळखपत्राचे पैसे, सहामाही परीक्षेचे पैसे यांची पावती मागितली तर ‘तुमच्याच मुलीसाठी आहे’ असे उत्तर. शिष्यवृत्तीचा अर्ज जातीच्या दाखल्यावाचून अडला, दाखला आजोबांच्या शाळेच्या नोंदीवाचून अडला. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी सोबत गेली. मार्चमध्ये परत आली तेव्हा हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढलेली होती.

वकील म्हणून आम्ही लगेच कायद्याचे पुस्तक उघडले. कोणावर बोट ठेवता येईल ते शोधू लागलो. आणि जे हाती लागले त्याने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. मुलगी चौदा वर्षे पूर्ण झालेली होती. म्हणजे तिला शाळेत टिकवून ठेवण्याची कायदेशीर सक्ती आता कोणावरच नव्हती!

हा मुद्दा आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २१-अ आले. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे कवच सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. नववीचा वर्ग या कवचाबाहेर आहे. दुसरीकडे बालमजुरीचा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास बंदी. चौदा ते अठरा वयाला बंदी फक्त धोकादायक कामांपुरती. आता ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्या वाढदिवशी शाळेचे दार मुलासाठी बंधनकारक राहत नाही, त्याच वाढदिवशी मजुरीचे दार त्याच्यासाठी उघडते. मुलीचे लग्नाचे वय अठरा. मग चौदा ते अठरा ही चार वर्षे दलित-आदिवासी-भटक्यांच्या मुलीने कोठे काढायची? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, म्हणून ते मुकादम देतो.

परमपूज्य बाबासाहेबांना हा धोका दिसला नव्हता काय? दिसला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या विषयावरील कलमाची चर्चा झाली, तेव्हा सक्तीचे शिक्षण ‘प्राथमिक’ या शब्दापुरते मर्यादित करावे अशी दुरुस्ती पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद एखाद्या कसलेल्या वकिलाचा होता. घटनेच्याच दुसऱ्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात लावण्यास मनाई केली आहे; मग ज्याला कामावर पाठवता येत नाही त्याला त्या वयात शिक्षणसंस्थेत ठेवणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे शाळा आणि मजुरी या दोन कलमांची त्यांनी सांगड घातली. कोणतीही फट राहू नये, हा त्यामागचा विचार. आज ती सांगड चौदाव्या वर्षाच्या सीमेवर येऊन सुटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वयाच्या गोष्टी केल्या, पण शिक्षण हक्काचा कायदा काही अठरापर्यंत वाढवला नाही. धोरण भिंतीवर टांगता येते, न्यायालयात त्यावर दाद मागता येत नाही. हा फरक आमच्या शिकलेल्या माणसांनी तरी विसरू नये.

परिणाम काय झाला ते सरकारचेच आकडे सांगतात. २०२१-२२ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालात देशभरातील गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर एकदम १२.६ टक्के होते. नदी ज्या ठिकाणी खोल होते, नेमका तेथेच पूल संपतो. आणि बुडतात कोण? ज्यांच्या घरी होडी नाही ते.

खासगी इंग्रजी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचीही हीच गत. या जागांवर आमची मुले पहिलीत गेली, आठवीपर्यंत त्या बाकांवर बसली आणि नववीच्या उंबरठ्यावर पालकांच्या हाती पूर्ण फीचे पत्रक पडले. आठ वर्षे ज्या मुलाने इंग्रजीत शिकले त्याने आता कोठे जावे? या पंचवीस टक्क्यांचीही प्रस्थापितांना किती अडचण होते ते २०२४ मध्ये दिसलेच. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करणारी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारीत काढली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पालक लढले म्हणून हे झाले. आठवीपर्यंतचे दार राखण्यासाठी एवढे लढावे लागते, तर नववीचे दार कोण उघडून देणार?

आता शाळेच्या आतल्या जीवनाकडे वळू. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन सुरू करण्याचा निर्णय झाला. आम्ही त्याचे स्वागतच केले. पण परिपाठाला ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणणारी मुले वर्गात गेल्यावर कोणाला झाडू दिला जातो, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोणाकडे आणि खुर्च्या उचलणे कोणाकडे, ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे भर वर्गात कोण म्हणते, हेही पाहतात. मूल पुस्तकापेक्षा हे लवकर शिकते. सर्वच शिक्षक असे वागतात असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या खिशातून परीक्षेची फी भरणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत आणि त्यांतले कित्येक आमच्या समाजाचे नव्हते. पण व्यवस्था एखाद्या भल्या गुरुजींवर सोडता येत नाही. गुरुजींची बदली होते, व्यवस्थेची होत नाही.

आणि शाळेतली जात जेव्हा उग्र रूप घेते तेव्हा काय होते, ते खर्ड्याने महाराष्ट्राला दाखवले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारातून झाली, असा आरोप होता. दिवसाढवळ्या. शाळा भरलेली असताना. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. न्यायालयाच्या निर्णयावर आम्ही येथे टीका करीत नाही. पुराव्यावाचून न्यायाधीश शिक्षा देऊ शकत नाही. आमचा प्रश्न शाळेला आणि गावाला आहे. रोज प्रार्थनेला एकत्र उभे राहणाऱ्या माणसांना आपल्याच विद्यार्थ्याबद्दल खरे बोलता येत नसेल, तर त्या शाळेने काय शिकवले?

माध्यमिक शाळेशी आमचे नाते नवे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कूलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, बाल भिवाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ती नोंद आहे. २०१७ साली राज्य सरकारने हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले आणि शाळांना सुट्टी होती! निबंध स्पर्धा कागदावर झाल्या असतील. पण त्या शाळेत भिवा कसा शिकला हे किती शाळांत सांगितले जाते? घरून आणलेले गोणपाट अंथरून वेगळे बसायचे, संध्याकाळी ते परत घरी न्यायचे, कारण शाळेचा झाडलोट करणारा गडीही त्याला शिवणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवले आहे. विद्यार्थी दिवसाला फोटोला हार घालायचा आणि गोणपाटाची गोष्ट गाळायची, ही आजच्या शाळांची रीत झाली आहे.

पुढे १९०७ साली बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचाही सत्कार झाला होता. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही कथा आमच्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. पण तिचा उत्तरार्ध आम्ही सोयीने विसरतो. केळूसकर गुरुजी पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. महाविद्यालयाचा खर्च रामजीबाबांना पेलेना, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. सत्कार कसा असावा याचा हा वस्तुपाठ आहे. हार घालण्यापेक्षा पुढच्या पायरीची सोय लावणे महत्त्वाचे.

बाबासाहेबांनी हेच पुढे संघटनेच्या पातळीवर केले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली, ती माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांसाठी. महाविद्यालये नंतर आली. सिद्धार्थ १९४६ चे, मिलिंद १९५० चे. आधी वसतिगृहे का? कारण गावची शाळा संपते आणि तालुक्याची सुरू होते त्या दरम्यान आमचे मूल हरवते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून जाणले होते. साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले तेही याच जाणिवेतून. या दोघांना कळलेले आम्हाला आज शंभर वर्षांनी कळू नये काय?

म्हणून केवळ सरकारला शिव्या देऊन हा लेख संपविण्याची आमची इच्छा नाही. काही कामे आम्हाला आजच करता येण्यासारखी आहेत.

पहिले काम माहिती काढण्याचे. अनुदानित शाळा सरकारच्या पैशावर चालते. भरीव सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करा. मुलांची नावे मागू नका, आकडे मागा. तीन वर्षांपूर्वी नववीत प्रवर्गनिहाय किती विद्यार्थी दाखल झाले आणि त्यांतले किती दहावीच्या परीक्षेला बसले? शिष्यवृत्तीचे किती प्रस्ताव पाठविले, किती मंजूर झाले, किती परत आले? फीव्यतिरिक्त कोणत्या नावाने किती रक्कम घेतली? हे तीन आकडे शंभर टक्के निकालाच्या फलकाशेजारी लिहून पाहा. निकाल शंभर टक्के कसा लागतो याचे रहस्य बहुधा तेथेच उलगडेल. कच्ची मुले नववीतच गळाली की निकाल आपोआप चढतो.

दुसरे काम समितीत बसण्याचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असतात. माध्यमिकला व्यवस्थापन व विकास समिती आणि पालक-शिक्षक संघ असतो. बहुतेक ठिकाणी ही नावे मुख्याध्यापकच भरतात आणि इतिवृत्तावर सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. जूनमध्ये पालकसभेची नोटीस लागते, त्या दिवशी एक दिवसाची मजुरी बुडवून आमच्या आयाबहिणींनी तेथे बसले पाहिजे. सभेला न जाता नंतर विहारात तक्रार करण्यात अर्थ नाही.

तिसरे काम कागदाचे. शिष्यवृत्तीची रक्कम मोठी नसते. आठवी ते दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वर्षानुवर्षे महिना शंभर रुपये राहिली. केंद्राची नववी-दहावीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०१२ मध्ये सुरू झाली. पण जातीचा दाखला लागतो तो याच वयात, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा शोधावा लागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने. तरी आजही शाळेच्या नोंदीत धर्म आणि जात यांचा घोळ घातलेला आढळतो. शाळेच्या रजिस्टरातील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती करण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांत असे किती तरी आहेत.

चौथे काम आमचे स्वतःचे, आणि ते सर्वांत कडू आहे. जयंतीला वर्गणी किती जमते आणि डीजेवर किती जाते याचा हिशेब प्रत्येक मंडळाजवळ आहे. तेवढ्यात तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन ऊसतोड कामगारांच्या दहा मुली सहा महिने ठेवता येतात, त्यांच्यासोबत राहायला एक निवृत्त शिक्षिका मिळू शकते. विहाराला दिवा आणि पंखा आहे. संध्याकाळी दोन तास तो अभ्यासासाठी का उघडा नसावा? काही गावांत उपासक-उपासिकांनी हे सुरू केले आहे. त्यांची बातमी ‘शालेय वृत्ता’त येत नाही, म्हणून त्यांना आमचा येथूनच जयभीम.

त्या माऊलीला घेऊन आम्ही त्या माध्यमिक शाळेत गेलो. मुख्याध्यापक सौजन्याने बोलले. “आम्ही नाव कापले नाही, मुलगी सतत गैरहजर राहिली,” असे ते म्हणाले आणि हजेरीपट पुढे केला. कागद बरोबर होता. असे कागद नेहमीच बरोबर असतात. बऱ्याच चर्चेनंतर मुलीला पुन्हा नववीत बसवून घेण्याचे त्यांनी मान्य केले. एक वर्ष गेले ते गेले. दिवाळीनंतर आईबाप पुन्हा उसाच्या फडावर जातील तेव्हा ती कोठे राहणार, हा प्रश्न मात्र मुख्याध्यापकांचा नव्हता. तो आम्हाला विचारला गेला होता आणि विहारातील बैठकीत आम्ही तो मांडला आहे. तीन घरांनी हात वर केला आहे, अजून ठरायचे आहे.

पुढच्या वर्षी सत्काराला बोलावणे आले तर आम्ही आयोजकांना एकच अट घालणार आहोत. गुणवंतांच्या यादीसोबत, आपल्या वस्तीतून नववीत गेलेली पण दहावीला न बसलेली मुले किती, तो आकडाही व्यासपीठावरून वाचला पाहिजे. वाचताना मान खाली जाईल. ती जाऊ द्यावी. त्यानंतर जे काम सुरू होईल तोच खरा विद्यार्थी दिवस.

जयभीम!